यात यापुढे

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
अर्धं टाइपरायटरचं, अर्धं जेवणाच्या डब्याचं.
इंग्रजीचं मराठी करून मिळेल, पानाला साठ.
स्टॅम्पपेपर शेजारी, तावऱ्यांकडे.

इथे शब्द सुटे येत नाहीत.
बाजारात पाय बांधून आणलेल्या कोंबड्यांसारखे
तीन-तीन एकत्र येतात:
हिअरइनआफ्टर. देअरटूफोर. इनॲजमच.
विलायतेतही आता असं कोण बोलत असेल?
हिअरटूफोर चहात साखर बरी असायची,
असं कुणी सासूला म्हणत नसणार.

तावरे म्हणायचे, घाबरतोस काय, फोड.
हिअर, इथे. इन, आत. आफ्टर, नंतर.
पहिल्याच दस्तात मी लिहिलं, 'इथे आत नंतर'.
वकील गोडांबे चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले,
मग लाल पेनाने वर लिहिलं, 'यात यापुढे'.
म्हणाले, सुपारी आहे ती.
फोडलीस की परत जुळत नाही.

तरी मी फोडतो. खोड.
लकडी पुलावरून चालत जातानाही
कठड्यावरून वाकून लाकूड शोधतो,
नाही हे ठाऊक असून.

मंगळवारी कौसल्या झगडे आल्या, खडकीहून.
कापडी पिशवीत मेथीची जुडी
आणि मेथीखाली दोन कागद.
एक नवा, भावांच्या वकिलाने केलेला, अजून कोरा वास असलेला.
एक अडतीस सालचा, घडीवर फाटलेला,
आजोबा दारूगोळा कारखान्यात कारकून होते
म्हणून इंग्रजीत.

आधी नवा.
पहिल्या ओळीत नाव होतं, वय, धंदा घरकाम.
त्यापुढे हिअरइनआफ्टर.
मी वाचून दाखवलं,
यात यापुढे ज्यांचा उल्लेख 'लिहून देणार' असा केला आहे.
नऊ पानं नुसतं लिहून देणार, लिहून देणार.
त्यांनी बोट ठेवून विचारलं,
माझं नाव कुठं गेलं?
म्हटलं, बाई, पुढे त्याची गरज नसते.
पुढे म्हणजे, त्या म्हणाल्या, समोर की नंतर?
पंचवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी टाइपरायटरची फीत उगाच फिरवली.

मग जुना.
तीन खणांची जागा मुलगी चंद्राबाई हिला,
मुलांचा काहीही हक्क-दावा
नॉटविथस्टँडिंग.
चंद्राबाई माझी आई, त्या म्हणाल्या. हे लांबडं काय?
जीभ चावायच्या आत माझ्याकडून फुटलंच:
नॉट, नाही. विथ, सोबत. स्टँडिंग, उभं.
सोबत उभं नाही.
बरोबरच लिहिलंय की, त्या म्हणाल्या.
कुणी नव्हतं उभं. मामा तर गेटापर्यंतसुद्धा आले नाहीत.

मी घाईने सांगितलं, तसा अर्थ नव्हे,
कायद्यात त्याचा अर्थ 'असे असले तरी',
मुलांनी काही म्हटलं तरी जागा आईचीच.
त्या गप्प. वरून मेट्रो गेली,
टेबलावरच्या पेपरवेटातलं पाणी हललं.
दोन्ही लिहा, म्हणाल्या.
दोन्ही लिहिता येत नाहीत.
मग एक तुम्ही लिहा, एक मी लक्षात ठेवते.

चिठ्ठीवर तो शब्द मराठी अक्षरांत मागितला.
तीन तुकड्यांत लिहून दिला,
मधे जागा सोडून.
नॉट. विथ. ष्टँडिंग.
दोनदा म्हणून बघितला, तिसऱ्यांदा न अडखळता,
आणि चिठ्ठी बटव्यात, नाण्यांखाली.

एकशेवीस झाले होते. साठच घेतले,
नव्या कागदाचं मराठी त्यांना नको होतं.

संध्याकाळी कुलूप लावताना तावरे म्हणाले,
ती खडकीची बाई,
तिच्या भावाने सकाळी पाचशेचा स्टॅम्प सांगून ठेवला होता.
आहे अजून माझ्याकडेच.
न्यायला कुणी आलं नाही.